मदत हवी आहे: दोनदा फवारणी केली, तरी ओट्यावर बारीक झुरळं (नागपूर)

ओटा_चकचकीत, २१ मे

नमस्कार. कोणी विचारायच्या आत सांगून टाकते: हो, रात्री खरकटी भांडी घासूनच झोपते, आणि हो, कचऱ्याचा डबा रोज रिकामा होतो. हे दोन प्रश्न सासूबाई, शेजारच्या काकू आणि फवारणीवाला भाऊ अशा तिघांचे विचारून झालेत.

मानेवाड्याकडे एका फ्लॅट स्कीममध्ये दुसऱ्या माळ्यावर भाड्याने राहतो. होळीनंतर आलो. घरात आम्ही दोघं, सासूबाई (त्यांना दमा आहे) आणि पावणेदोन वर्षांची मुलगी. मुलगी सध्या जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालून तपासते. पहिला महिना काहीच नव्हतं. एप्रिलमध्ये मिक्सरमागे एक बारीकसं झुरळ दिसलं, चपलेने मारलं, विसरले. आता रात्री अडीचला पाणी प्यायला उठून लाइट लावला की ओट्यावरून दहा-बारा पळतात. पळून जातात कुठे तेच समजत नाही. समोर असतात, आणि पुढच्या क्षणी ओटा स्वच्छ!

काय काय करून झालं: दुकानातला स्प्रे दोन डबे. झुरळांचा खडू (पोरगी त्यालाच पाटीवरचा खडू समजली, त्या दिवशीच फेकला). डब्यांत तेजपान. सिंकखाली डांबर गोळ्या, पण त्या वासाने सासूबाईंचा दमा उठला, म्हणून काढल्या. मग फवारणीवाल्याला दोनदा बोलावलं, दर वेळी सगळे डबे-भांडी काढून हॉलमध्ये ठेवा, दिवसभर बाहेर बसा, परत आल्यावर सगळं धुवा. पहिल्या वेळेला दोन दिवस शांत गेले. मग बेडरूममध्ये टीव्हीमागे दिसायला लागली, जिथे आधी एकही नव्हतं!

माझा संशय गडर लाइनवर (सांडपाण्याच्या पाइपांवर) आहे. मागच्या आठवड्यात मागच्या बाथरूममध्ये अंगठ्याएवढं लाल झुरळ निघालं आणि चक्क उडालं. तेव्हापासून घरातल्या पाणी जायच्या सगळ्या जाळ्यांवर चिकटपट्टी लावली आहे. आंघोळीला काढायची, झाली की परत लावायची. हे म्हणतात, घरच बदलू. मी म्हटलं, सामानाबरोबर तीही येतील ना.

तर, नेमकी कुठून येऊन राहिली हे कसं शोधायचं? लहान मूल आणि दम्याचं माणूस घरात असताना काय वापरायचं? घरगुती उपाय नको, प्लीज. तेजपान आता भाजीतही पाहवत नाही.

खस_आणि_मोटर, २१ मे

कुलर उघडून पाहा. खसच्या मागे अंधार, ओल, सगळं त्यांच्या सोयीचं. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात तिथूनच निघाली होती.

उमरेडची_मिरची, २१ मे

ताई, घरगुती नको म्हणालात तरी सांगते. बोरिक पावडर, कणीक, थोडी साखर, दुधात मळून गोळ्या. माझी आई वर्षानुवर्षं करते आणि फरक पडतो. पण गोळ्या दिसतात अगदी पेढ्यासारख्या. तुमची छोटी जे दिसेल ते तोंडात घालते म्हणता, तर तिच्या हाताला लागतील अशा ठिकाणी नकोच.

तिसरा_माळा, २२ मे

वहिनी, मी सहा वर्षं एका होस्टेलच्या मेसचं स्टोअर सांभाळलं. झुरळांशी माझं नातं फार जवळचं आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमच्या घरात दोन वेगळी भांडणं चालू आहेत आणि तुम्ही एकाच काठीने दोन्ही सोडवून राहिल्या. बाथरूममधलं लाल, उडणारं ते अमेरिकन झुरळ. साडेतीन-चार सेंटिमीटर, गडरमध्ये राहतं, चुकून घरात येतं. ओट्यावरचं बारीक, फिकट तपकिरी, सव्वा-दीड सेंटिमीटरचं. एखादं मेलेलं घेऊन मानेवर पाहा. दोन काळ्या रेघा शेजारी-शेजारी असतील तर ते जर्मन. हे बाहेरून रोज येत नाही, ते तुमच्या घरातच राहतं, जन्मतं, मरतं. जाळ्यांवर पट्टी लावून त्याला काही फरक पडणार नाही.

बाथरूमचं आधी मिटवून टाकू, ते सोपं आहे. मागचं बाथरूम कमी वापरता ना? जाळीखाली वाटीसारखा ट्रॅप असतो, त्यात पाणी भरलेलं असतं. गडरचा वास आणि झुरळं अडवणारं बूच म्हणजे तेच पाणी. आपल्याकडच्या मे महिन्यात ते आटून जातं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तर अजून लागायचाच आहे. रोज रात्री तिथे दोन तांबे पाणी ओता. पट्टीची गरज नाही. जाळी तुटकी असेल तर बदला, पाइप भिंतीत जातो तिथली फट व्हाइट सिमेंटने बुजवा.

आता खरं काम. फवारणी का फसली? बहुतेक स्प्रेमध्ये जे औषध असतं ते झुरळांना झोंबतं. समोरची मरतात, बाकीची जागा सोडून दुसऱ्या खोलीत जातात. टीव्हीमागची तुमची पाहुणी तशीच आली. शिवाय जर्मन झुरळाच्या कित्येक पिढ्या हे औषध पचवून बसल्या आहेत. आणि मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून फिरते, पिल्लं निघायची वेळ आली की मगच टाकते. एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. उन्हाळ्यात दोन महिन्यांत ती स्वतः अंडी द्यायच्या वयाची. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून आधी शोध. दुकानात चिकट कार्ड मिळतात, उंदरांची नाही, झुरळांची. सात-आठ आणा, प्रत्येकावर पेनने जागा लिहा: फ्रिज, सिंक, गॅस, कुलर, टीव्ही, बाथरूम. भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे चिकटून ठेवा, मधोमध नको. मुलीचा हात पोचणार नाही अशा बाजूला. दोन रात्रींनी मोजा. जिथे जास्त, त्याच्या हातभर अंतरात घर आहे. कार्डावर बारीक-बारीक पिल्लं चिकटली तर घर अगदीच जवळ.

आणि एकदा टॉर्च घेऊन पाहा. लाइट लावू नका, टॉर्चच. ट्रॉलीच्या बिजागऱ्या, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरचं बूड, प्युरिफायरचं झाकण, स्विचबोर्डच्या कडा (हात घालू नका). एक रुपयाचं नाणं जाईल एवढी फट त्यांना पुरते. चहाच्या बारीक भुकटीसारखे काळे ठिपके म्हणजे विष्ठा. आणि एक कुबट, तेलकट वास, एकदा आला की विसरत नाही.

मोजून इथे लिहा, मग औषधाचं बोलू.

निशिगंध, २२ मे

विषयांतर: "जर्मन" हे नाव स्वीडनच्या निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसने १७६७ मध्ये दिलं, पण बिचाऱ्या जर्मनीचा दोष नाही. २०२४ मध्ये जनुकं तपासून निघालं की हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या बाजूला आशियाई झुरळापासून तयार झालं आणि मग माणसाच्या सामानातून जगभर गेलं. म्हणजे आपलंच पोट्टं, आडनाव तेवढं परदेशी.

ओटा_चकचकीत, २४ मे

तिसरा_माळा दादा, लिहिताना अजून अंगावर काटा आहे.

कार्डांचा हिशेब, दोन रात्रींचा: सिंकखाली ६, गॅसमागे ४, टीव्ही २, कुलर ० (खस काढून पाहिली, स्वच्छ). मागचं बाथरूम, एक मोठं लाल. आणि फ्रिजच्या बाजूला ३१. त्यातली निम्मी तर मुंगीएवढी पिल्लं.

फ्रिज आमचा नाही. आधीचे भाडेकरू जाताना स्वस्तात देऊन गेले, आम्हीही खुशीने घेतला. काल रात्री ह्यांनी प्लग काढला, फ्रिज पुढे ओढला. मागे खाली मोटरच्या वर एक काळा ट्रे असतो, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यात बोटभर पाणी साचलेलं. मोटर अजून कोमट होती. टॉर्च मारला तर आधी वाटलं गंज चढला आहे, मग गंज हलला. ट्रेच्या कडेला तपकिरी, बडीशेपेच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं, त्यावर तशाच उभ्या रेघा. पाच-सहा दाणे. मी घाबरून "बडीशेप इथे कशी आली" असंच म्हटलं.

ती बडीशेप नव्हती ना?

तिसरा_माळा, २४ मे

नव्हती. त्या अंड्यांच्या डब्या. पण घाबरू नका, घर सापडलं म्हणजे निम्मं काम झालं. ऊब, अंधार, पाणी, तिन्ही एका जागी. अन्नाशिवाय झुरळ महिनाभर काढतं, पण पाण्याशिवाय आठवडा-दोन आठवडेच. तो ट्रे म्हणजे त्यांचं प्याऊ.

आता क्रमाने. फ्रिजचा प्लग काढूनच सगळं. व्हॅक्यूम असेल तर डब्या आणि मेलेली झुरळं ओढून घ्या, पिशवी लगेच बांधून घराबाहेर. समोर पळणाऱ्यांवर भांड्याच्या साबणाचं दाट पाणी मारा, त्याने ती जागीच मरतात, पोरीला धोका नाही. मोटरच्या वायरांवर मात्र पाणी उडवू नका. झाडताना सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बसवा. झुरळांची विष्ठा, सुटलेले पापुद्रे यांची धूळ दम्याला वाईट, कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग जेल, म्हणजे झुरळांसाठीचं विषारी आमिष. बारीक सिरिंजमध्ये येतं. मुगाच्या दाण्याएवढे थेंब, थोडे मोठे नाही, पुष्कळ बारीक. बिजागऱ्यांच्या आत, फ्रिजखालच्या पत्र्याच्या कडेला, सिंकच्या कोपऱ्यात, टीव्हीमागे. मुलीची बोटं पोचणार नाहीत अशाच फटीत, आणि उघड्या ओट्यावर कधीच नाही. झुरळ खाऊन आपल्या बिळात जाऊन मरतं, बाकीची त्याची विष्ठा आणि मढंही खातात, त्यामुळे न खाल्लेल्यांपर्यंतही औषध जातं. किळसवाणं आहे, पण कामाचं.

एकच पथ्य: जेल लावलं की स्प्रे बंद. फिनेलचा पोछाही त्या जागी नको. वास लागला की ती जेलला तोंड लावत नाहीत. आणि कुलरच्या हवेत थेंब दोन-चार दिवसांत खडखडीत वाळतात, ते खरवडून नवे ठेवा.

उमरेडची_मिरची, २५ मे

हे वाचून मी आत्ता आमचा फ्रिज ओढला. आमचा ट्रे कोरडा निघाला. पण मागे माझं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं लाटणं सापडलं 😄

ओटा_चकचकीत, ४ जून

दहा दिवसांचा हिशेब: फ्रिज ९, सिंक ३, गॅस १, टीव्ही ०. दिवसाही एक-दोन लडखडत बाहेर येतात, उताणी पडतात. सासूबाई म्हणतात, "दारू प्याल्यासारखी चालून राहिली." बाथरूममध्ये पाणी ओतायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, तुळशीला घालतात तसं रोज न चुकता.

प्रश्न: सिंकखालच्या जेलला तीन दिवसांत कोणी हात लावला नाही. खराब झालं का?

तिसरा_माळा, ४ जून

ताजं असून खात नसतील तर जेल बदला, वेगळं औषध असलेलं घ्या. डब्यावर नाव वाचा: फिप्रोनिल असेल तर इंडोक्साकार्ब, असं. काही जर्मन झुरळांना ग्लुकोजचा गोडवा आता कडू लागतो, ती गोड आमिषाकडे फिरकत नाहीत. आणि सिंकखाली नळ गळतो का पाहा, घरचं पाणी असताना बाहेरचं जेवण कोण करेल.

तीन आठवड्यांनी सगळीकडे नवे थेंब ठेवाच. उरलेल्या डब्यांतून पिल्लं तेव्हा निघतील.

खस_आणि_मोटर, ५ जून

फवारणीवाल्याकडे परवाना होता का, ताई? कीटकनाशक कायदा १९६८ प्रमाणे लागतो. आमच्याकडे एक जण बिनलेबलच्या बाटलीतून मारून गेला, काय मारलं ते त्यालाही माहीत नव्हतं.

ओटा_चकचकीत, ५ जून

विचारलंच नाही. त्याच्याही बाटलीवर काही लिहिलेलं आठवत नाही. आता राग येतोय, त्याच खोलीत संध्याकाळी पोरगी रांगली होती.

सिंकखाली नळाचा वॉशर गेला होता. तीस रुपयांचं काम, ह्यांनी दीड महिना "करतो" म्हणून ठेवलेलं.

ओटा_चकचकीत, २८ जून

पाऊस लागला, कुलर झाकून ठेवला, आणि कार्ड परत मोजली. फ्रिज ०. सिंक १, तेही पिल्लू. बाकी सगळीकडे ०. काल रात्री अडीचला मुद्दाम उठून टॉर्च घेऊन ओट्यापाशी दहा मिनिटं उभी राहिले. काही नाही. फक्त फ्रिजची घरघर.

ट्रे दर रविवारी काढून पुसतो. किराण्याचे आणि ऑनलाइन सामानाचे पुठ्ठ्याचे खोके आता दाराबाहेरच उघडून तिथूनच रद्दीत. ट्रॉलीमागची फट सिलिकॉनने बुजवली.

एकच राहिलं. सिंकवालं पिल्लू शेजारच्या भिंतीकडच्या पाइपपाशी सापडलं. तिकडच्या काकूंना कसं सांगू? मला पहिल्या दिवशी "भांडी घासून झोपत जा" म्हणणाऱ्या त्याच.

तिसरा_माळा, २८ जून

सांगू नका. एक चिकट कार्ड आणि एक जेलची सिरिंज घेऊन जा, म्हणा, आमच्याकडे उरलं होतं. आणि पाइपच्या भोवतीची फट तुमच्या बाजूने आजच बुजवा.

निशिगंध, २९ जून

आणि त्यांचा फ्रिज कोणाचा घेतलेला आहे, ते हळूच विचारा.