विषय: खानापूरच्या परड्यात ससे, जाळी कुठली, कशी लावायची?

सर्वांना नमस्कार,

खानापूर तालुक्यात घरामागे 30 × 20 फुटांचं परडं आहे. मुळा, लाल माठ, घेवडा, कडेला रताळ्याचे वेल. रोपं चार पानांवर आली की रातोरात साफ होतात. जमीन जांभ्याची. इथे न्यू जर्सीत दोन फुटी जाळी पुरते, तिथे चालेल का? आई-बाबा दोघंच असतात, म्हणून गडी लावून एकदाच नीट काम करून घ्यायचंय. मिरची-लसणाचं पाणी फवारावं असंही कुणी सुचवलं आहे.

उत्तर, टिळकवाडी, बेळगावहून

ताई,

जाळी आणण्याआधी बाबांना सकाळी खुडलेलं देठ हातात घेऊन बघायला सांगा. सशाचा चावा सुरीनं तिरका काप घेतल्यासारखा स्वच्छ असतो आणि जवळपास वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या, चोथ्याच्या लेंड्या पडलेल्या असतात. भेकराला वरचे पुढचे दात नसतात. ते पान ओढून तोडतं, म्हणून कड फाटकी राहते, धागे लोंबतात. गोगलगायीची वाळलेली चकाकती रेघ दिसते. रताळी खालून उकरलेली असतील तर डुक्कर किंवा साळिंदर समजा. त्यांना ही जाळी पुरणार नाही, कुणी खात्री दिली तरी विश्वास ठेवू नका.

ससाच असेल तर दोन फुटांवर भागवू नका. तुमच्याकडचा कॉटनटेल ससा लहान. आपल्याकडचा रानससा त्याहून मोठा, लांब पायांचा. जमिनीवर चार फूट उंची धरा. पण खरी लढाई खालच्या कडेला असते. हे दोन्ही ससे बीळ करून राहत नाहीत, दिवसा गवतात दबून बसतात. तरी जाळीची कड सैल सापडली की नाक खुपसतात, थोडं उकरतात आणि आत येतात.

म्हणून पाच फूट रुंदीची, एक इंच भोकाची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी तारेची जाळी घ्या. दुकानात ‘कोंबडी जाळी’ म्हटलं की देतात. चार फूट उभी, उरलेला एक फूट बाहेरच्या अंगाला जमिनीवर आडवा दुमडायचा. ससा कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतो, तिथे पायाखालीच जाळी लागते. मागे सरून उकरावं हे त्याला सुचत नाही. जांभ्यात पहारीनं चर मारत बसायची गरजही राहत नाही. आडव्या पदरावर दर दोन फुटांना चिऱ्याचा जड तुकडा ठेवा. एका पावसाळ्यात गवत त्यातून वर येतं आणि मुळं जाळीला धरून ठेवतात. तिथे गवत कापायचं मशीन चालवू नका, जाळी गुंडाळली जाते. विळाच बरा.

दोन इंची भोक नको, पिल्लं आरपार जातात. नायलॉनची जाळी तर नकोच. ससा ती कुरतडतो, आणि धामण अडकून तडफडून मरते. परड्यातले उंदीर खाणारी तीच.

खांब सहा फुटी, दीड फूट जमिनीत. 30 फुटी बाजूला चार गाळे (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक गाळा), 20 फुटीला तीन. असे 14 खांब, फाटकासाठी आणखी एक, एकूण 15. वर, मध्ये आणि जमिनीलगत 12 गेजची तार ताणून घ्या, जाळी तिला दर फुटाला बाइंडिंग वायरनं बांधा. जाळी खांबांच्या बाहेरून हवी. जनावर ढकलतं तेव्हा ती खांबावर टेकते. आतून लावली तर गाठी एकेक करून सुटतात.

फवाऱ्याचं म्हणाल तर खानापूरच्या पावसात तो संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. शिवाय खायच्या पाल्यावर रोज मिरची मारणार का?

उत्तर, खानापूरहून

काकांचं सगळं बरोबर. दोन जागा मात्र गड्याला दाखवून द्या.

पहिली जागा फाटक. त्याच्याखाली बोटभर फट राहते, दोन महिन्यांत माती वाहून ती चार बोटं होते. उंबरठ्याला चिरे बसवा, फळी खाली टेकताना एक इंचापेक्षा जास्त फट नको. फाटकाच्या चौकटीवरही तीच जाळी ठोका.

दुसरी, पाणी जायची नाली. कुंपण नालीवरून जातं तिथे खाली सरळ वाट मिळते. नालीत एक इंची पाइपचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून वरून दगड-माती भरा. पाणी जातं, ससा जात नाही. पाइपात पालापाचोळा अडकतो, तो मृगाआधी आणि गणपतीच्या सुमारास काढायचा.

कुंपणाबाहेर आठ-दहा फूट पट्टा स्वच्छ ठेवा. दडायला गवत नसलं की ससा उघड्यावर फार रेंगाळत नाही. फास लावू नका, विष तर नाहीच, आणि लाइनीची वीज कुंपणात कधीही सोडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं सशाला मारणं गुन्हा आहे, आणि तारेला पहिला हात गड्याचा किंवा आईचाच लागायचा.

गड्याला मराठी येत नसेल तर कन्नडमध्ये ‘मोल’ म्हणा, लगेच समजेल.

ताईंचा प्रश्न

आभार, दादा. परीघ 100 फूट, म्हणजे 100 फुटांचा एक रोल पुरेल ना? आणि कोपऱ्यावर आडवा पदर कसा वळवायचा?

उत्तर, टिळकवाडीहून

पुरणार नाही, 110 फूट घ्या. फाटकाचे तीन फूट वाचतात, पण ती जाळी चौकटीला लागते. जोडाच्या जागी सहा इंच एकमेकांवर घ्यावे लागतात.

कोपऱ्यात पदर दुमडण्यासाठी तो उभा कापावा लागतो. मग दोन्ही बाजूंचे पदर फाकतात आणि मधोमध एक फूट चौरस मोकळा राहतो. ससा नेमका तिथूनच शिरतो. दीड फूट चौरसाचे चार तुकडे कापून प्रत्येक कोपऱ्यावर एकेक टाका, दोन्ही पदरांना तारेनं शिवा, वर चिरा ठेवा. शेवटचा गाळा बंद करायच्या आधी वेलांखाली काठीनं हलवून बघा, एखादा ससा आतच कोंडला जाऊ नये.