मालदीव: प्रवाळदगडाच्या मशिदी आणि मांटा मासे एकाच सहलीत जमतील का?

इतिहासवेडी (पुणे)

नमस्कार. अनंत चतुर्दशीनंतर मी आणि माझी धाकटी बहीण मालदीवला जाण्याचा विचार करत आहोत. पाण्यावर बांधलेल्या खोल्यांचे आम्हाला आकर्षण नाही. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आणि बहिणीला समुद्री जीवसृष्टीची आवड आहे, म्हणून इस्लामी वारसा आणि निसर्ग असे दोन्ही दाखवणारी, मार्गदर्शकासह सात रात्रींची एक सहल आम्ही हेरली आहे. तिच्यात दोन रात्री राजधानी माले, दोन रात्री उत्तरेचे उथीमू, दोन रात्री बा अतोळ (अतोळ म्हणजे कंकणाकृती प्रवाळबेटांचा समूह) आणि शेवटची रात्र दक्षिणेच्या अड्डूत अशी मांडणी आहे.

माझ्या शंका अशा. हे सारे सात रात्रींत नीट पाहून होईल का? मालेच्या जुन्या जुम्मा मशिदीत आम्हा मुस्लिमेतर स्त्रियांना आत जाता येते का? माहितीपत्रकात लिहिले आहे की ११५३ साली अबुल बरकात युसूफ अल-बर्बरी या मोरोक्कोच्या प्रवाशाने राजाला इस्लामची दीक्षा दिली. दुसरीकडे मात्र मी त्याचे नाव युसूफ तबरीझी असे वाचले. यांतले खरे कोणते? शेवटची शंका घरगुती आहे: बहीण प्रवासात नेहमी बाळकृष्णाची छोटी पितळी मूर्ती जवळ ठेवते, तिचे काय करावे?

माले-मुक्कामी

मी नऊ वर्षे मालेत हिशेबनिसाच्या नोकरीत होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मूर्तीचा प्रश्न आधी संपवतो: पूजेच्या मूर्ती देशात आणण्यास तेथील सीमाशुल्क खात्याची मनाई आहे आणि दारू व डुकराचे मांसही आणता येत नाही. बाळकृष्णाला या वेळी घरीच राहू द्यावे.

सहलीच्या मांडणीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. हा देश उत्तर-दक्षिण साडेआठशे किलोमीटरांहून अधिक पसरलेला आहे. उथीमू जवळजवळ वरच्या टोकाला आणि अड्डू विषुववृत्ताच्याही खाली. ही दोन्ही टोके एका आठवड्यात गाठणारा माणूस विमानतळ आणि धक्के पाहून परत येतो. अड्डू निःसंकोच वगळावे. उथीमू सोडताना वाईट वाटेल, कारण १५५८ ते १५७३ या काळातील पोर्तुगीज अमलाविरुद्ध लढलेल्या मुहम्मद ठाकुरुफानू यांचे लाकडी घर तेथे जपलेले आहे. परंतु त्यांची कबर मालेतच आहे, तेवढ्यावर समाधान मानता येईल.

वाचलेल्या रात्रींपैकी एक मालेला द्यावी. हुकुरु मिस्की ही जुम्मा मशीद सुलतान इब्राहिम इस्कंदर पहिला याच्या काळात १६५८ मध्ये पूर्ण झाली आणि शेजारचा मुन्नारू म्हणजे मिनार १६७५ चा आहे. भिंती प्रवाळदगडाच्या आहेत. हा दगड समुद्रातून ओला काढला की मऊ असतो, तेव्हाच कापून घेतात. मग तो वाळून कठीण होतो आणि सुताराने लाकडात खाच बसवावी तसे त्याचे ठोकळे चुन्यावाचून एकमेकांत बसवतात. आतल्या लाकडावर लाखकाम व कोरीव लेख आहेत. सावंतवाडीचे लाखकाम ज्याने पाहिले आहे, त्याला तेथे थोडे घरच्यासारखे वाटेल. मालदीवच्या प्रवाळ-मशिदी २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत आणि या मशिदीच्या जतनासाठी साहाय्य करण्याचे भारताने २०१९ मध्ये जाहीर केले होते.

मुस्लिमेतरांना आत जाण्यासाठी इस्लामी व्यवहार मंत्रालयाची परवानगी लागते. ती मार्गदर्शकाने आधीच काढली आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे. ‘तिथे गेल्यावर बघू’ असे उत्तर आल्यास अंगणातील दफनभूमी पाहण्याचीच मानसिक तयारी ठेवावी. ती दफनभूमीही कमी नाही: टोकदार माथ्याच्या शिळा पुरुषांच्या आणि गोल माथ्याच्या स्त्रियांच्या, असे तेथे सांगितले जाते.

राष्ट्रीय संग्रहालय चुकवू नये. इस्लामपूर्व काळात ही बेटे बौद्ध होती, परंतु त्या काळातील बहुतेक प्रवाळमूर्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये जमावाने फोडल्या. याविषयी मार्गदर्शक आपणहून बोलेलच असे नाही.

खाडीपट्टा (दापोली)

बर्बरी की तबरीझी, या प्रश्नावर माझे दोन शब्द. जुन्या अरबी लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळलेले असले तर या दोन शब्दांची अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात, आणि वाद त्याच वाचनाचा आहे. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काझी म्हणून काम केलेल्या प्रवासी इब्न बतूताने ‘बर्बरी’ असे लिहून ठेवले; तो स्वतः मोरोक्कोचा, तेव्हा आपल्या मुलखाचा माणूस त्याला आवडला असेल, असे मला नेहमी वाटते. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक तबरीझी, म्हणजे इराणचा, असे वाचतात. समुद्रातून दरमहा येणाऱ्या रन्नमारी राक्षसाला या युसूफने कुराणपठणाने पळवल्याची कथाही इब्न बतूताच्याच वृत्तान्तात आहे. ती लोककथा म्हणून ऐकावी आणि ताईंनी मार्गदर्शकाला भर गटात खोटे पाडू नये, कारण जुम्मा मशिदीसमोरचे मेधू झियारत, म्हणजे त्याच युसूफची कबर, तेथील लोकांसाठी आदराचे स्थान आहे.

लोकवस्तीच्या बेटांवर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत. साडी किंवा सलवार-कमीज उत्तम. नमाजाच्या वेळी दुकाने थोडा वेळ बंद होतात आणि शुक्रवारी बोटींचे वेळापत्रक विरळ असते, म्हणून बेट बदलण्याचा दिवस शुक्रवार धरू नये.

इतिहासाच्या शिक्षिकेसाठी एक गंमत: मालदीवची धिवेही भाषा आपल्या मराठीसारखीच आर्यकुळातील असून तिच्यात एकाला ‘एकेह’ आणि तिनाला ‘तिनेह’ म्हणतात, मात्र तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची पहिली नऊ अक्षरे अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत.

दर्यावर्दी (रत्नागिरी)

निसर्गाच्या बाजूबद्दल लिहितो. बा अतोळ २०११ पासून युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र आहे आणि तेथील हनिफारूची खाडी हे तुमच्या सहलीचे खरे नशीब ठरेल. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत भरतीबरोबर तरंगते सूक्ष्मजीव नरसाळ्यासारख्या या खाडीत शिरून अडकतात आणि ते गाळून खाण्यासाठी मांटा, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, एकामागे एक घिरट्या घालतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा योग अधिक चांगला जुळतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी पौर्णिमा असल्यामुळे लगेच निघालात तरी ते उधाण हातचे जाईल. त्याऐवजी सर्वपित्री अमावास्येच्या आगेमागे बा अतोळात असाल अशी तारीख धरा, अर्थात पितृपक्षातील प्रवासाला घरातून विरोध नसेल तर.

तेथे पाठीवर हवेची टाकी बांधून उतरण्यास मनाई आहे. केवळ पाण्यात पाहण्याचा मुखवटा आणि श्वास घेण्याची नळी घेऊन, परवानाधारक मार्गदर्शकासह, ठरावीक वेळापुरते पाण्यात उतरता येते. मांटाचा पाठलाग करू नये आणि त्याला हात लावू नये. बहिणीला पोहता येत नसेल तर आधी महिनाभर पुण्यातल्या तलावात मुखवट्याची सवय करावी, कारण त्या दिवसांत खाडीबाहेरचा समुद्र खवळलेला असतो आणि वेगवान बोट कंबर हलवून सोडते. धरवंधू बेटावर विमानतळ आहे. साठीच्या पुढच्या माणसांनी मालेहून विमानानेच जावे, असे मला वाटते.

याच अतोळातील थुलाधू बेट लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. मशिदीतले लाखकाम पाहिल्यानंतर त्या बेटाला अर्धा दिवस दिलात, तर वारसा आणि निसर्ग यांच्यासाठी वेगवेगळी टोके गाठण्याची गरज उरत नाही.

इतिहासवेडी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. आज सहल-संयोजकाला पत्र लिहून अड्डू आणि उथीमू वगळले, मालेत तीन रात्री आणि बा अतोळात चार रात्री मागितल्या, आणि मशिदीच्या परवानगीची प्रत दाखवल्याशिवाय आगाऊ रक्कम भरणार नाही असे कळवले आहे. पितृपक्षाबद्दल आईला विचारले. ती म्हणाली, ‘पितरांना काय, समुद्र माहीत नव्हता का?’ आता फक्त दोघींना पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवायचे आहे. पहाटेची तुकडी मिळते का, ते उद्या पाहते.