निव्वळ आनंदासाठी मोटरसायकल घ्यायची आहे : कोणती घ्यावी आणि सुरुवात कशी करावी?

उशिरा निघालेला

नमस्कार. तरुणपणी मी मोटरसायकल चालवत असे. पुढे संसार वाढला, चारचाकी आली आणि दुचाकी सुटली ती सुटलीच. आता मुले आपापल्या मार्गाला लागली आहेत, सुट्टीचा दिवस खरोखर सुट्टीचा असतो, आणि कुठे पोहोचण्याची निकड नसताना केवळ चालवण्यासाठी पुन्हा मोटरसायकल घ्यावी असे मनाने घेतले आहे. दालनात गेलो की विक्रेते सीसी आणि कमाल वेग सांगतात, पण मला जो मोकळेपणा हवा आहे त्याचा या आकड्यांशी किती संबंध आहे हे काही कळत नाही. माझी उंची बेताची आहे आणि एक गुडघा कुरकुरतो, हे लक्षात घेऊन कोणत्या प्रकारची गाडी पाहावी? मोठ्या इंजिनाशिवाय मजा येते का? शिवाय घरच्यांना या बेताची भीती वाटते आणि ती मला अगदीच निराधार वाटत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

वळणवेडी

सीसीचा प्रश्न आधी घेते, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. चारचाकी वळते तेव्हा आपले अंग वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकलले जाते आणि आपण दार किंवा हँडल धरून स्वतःला सावरतो. मोटरसायकल वळणात स्वतःच आत झुकते, त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणि बाहेर खेचणारा जोर या दोहोंची मिळून होणारी दिशा सरळ आसनातून खाली जाते. स्वार बाजूला फेकला जात नाही, फक्त अंग किंचित जड होते आणि पुढच्याच क्षणी, गाडी उभी होताना, हलके होते. वळणावळणाच्या रस्त्यावर हे जड-हलके होणे एका लयीत येऊ लागले की जे वाटते, त्यासाठीच माझ्यासारखी माणसे पहाटे उठतात. गाडी ४५ अंशांत झुकली तर बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका होतो, पण सामान्य रस्त्यावर त्याच्या निम्म्या झुकावातही पुरेपूर समाधान आहे, आणि साधारण ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो झुकाव ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास मिळतो. एवढ्या वेगासाठी कोणते इंजिन अपुरे पडणार आहे?

म्हणून २०० ते ३५० सीसी आणि १५० ते १८० किलोच्या दरम्यान वजन असलेली गाडी पाहा, असे माझे स्पष्ट मत आहे. हलकी गाडी वळणात मनाबरोबर जाते. दोनशे किलोच्या पुढची गाडी उभ्या जागी ढकलून मागे घेतानाच निम्मा उत्साह संपवते, आणि जी बाहेर काढायचा कंटाळा येतो ती कितीही देखणी असली तरी झाकणाखालीच राहते. फ्रेंच पत्रकार अ‍ॅन-फ्रान्स दोतव्हील १९७३ मध्ये एका छोट्या कावासाकीवर एकटीने जगप्रवासाला निघाल्या होत्या, तेव्हा आपल्या सुट्टीच्या फेरफटक्याला मोठे इंजिन अनिवार्य आहे असे कोणी सांगितले तर ते हसून सोडून द्यावे.

गुडघ्यासाठी बसण्याची ठेवण महत्त्वाची आहे. स्पोर्ट्स प्रकारात फुटरेस्ट मागे आणि वर असतात, गुडघा घट्ट दुमडतो आणि भार मनगटांवर येतो. तो प्रकार आपण सरळ वगळावा. क्रूझरमध्ये पाय पुढे पसरतात, गुडघ्याला आराम मिळतो आणि आसनही बुटके असते, परंतु खड्ड्यात बसलेला धक्का पायांवर झेलता येत नाही, तो थेट कमरेत जातो. पाठ सरळ आणि पाय जवळजवळ शरीराखाली राहतील अशी साधी रोडस्टर बहुतेकांना मानवते. आसनाची उंची ८०० मिलिमीटरपर्यंत असल्यास बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय सहसा जमिनीला टेकतात, तरी पत्रकावरच्या आकड्यावर विसंबू नका, कारण आसन रुंद असले तर पाय फाकतात आणि तीच उंची जास्त भासते. इंजिन बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे नुसते बसून राहा. गुडघा तेवढ्यात आपले मत सांगेल.

जुनी चेन

वळणवेडी यांचे बहुतांश म्हणणे मान्य आहे, एका बाबतीत मात्र मी वेगळे सांगेन. त्यांचे गणित वळणांच्या रस्त्याचे आहे. आपल्याला त्या रस्त्यापर्यंत पोहोचण्यासाठी दीड-दोन तास महामार्गावर काढावे लागणार असतील, तर छोट्या एकसिलिंडर इंजिनाची थरथर हातापायांत उतरते आणि बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी दोन सिलिंडरचे मध्यम इंजिन घेणे शहाणपणाचे ठरते. ते कमाल वेगासाठी घ्यायचे नसून, नेहमीच्या वेगात इंजिन निवांत राहावे म्हणून घ्यायचे.

घरच्यांच्या भीतीविषयी आपण प्रामाणिकपणे लिहिलेत, म्हणून तितक्याच प्रामाणिकपणे उत्तर देतो. १९८१ मध्ये अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील नऊशेहून अधिक मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्या-मित्रांच्या मदतीने चालवायला शिकलेले होते, म्हणजे त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळालेच नव्हते. आपल्यासाठी दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे : एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा असूनही, अपघात झाला त्या विशिष्ट गाडीवर निम्म्याहून अधिक स्वारांना पाच महिनेही झालेले नव्हते. पाहणी जुनी आणि परदेशातली आहे हे खरे, परंतु ‘पूर्वी चालवत होतो’ या भरवशावर नव्या गाडीवर बसणाऱ्याने ती लक्षात ठेवावी. प्रशिक्षणवर्ग करा, नवशिक्यांच्या रांगेत उभे राहायला संकोचू नका, आणि पहिले काही महिने ओळखीच्या रस्त्यांवर काढा.

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे, डोक्याला घट्ट बसणारे घ्या. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या समीक्षेनुसार अपघात झाल्यास हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. गाडीवरचे थोडे पैसे वाचवून ते जॅकेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांवर घालावेत.

उशिरा निघालेला

दोघांचेही मनापासून आभार. क्रूझर बघायला गेलो होतो, आता रोडस्टरवर बसून पाहीन. आणखी दोन शंका आहेत. वळताना हँडल वळणाच्या उलट दिशेला फिरवायचे असते असे एकाने सांगितले, ते मला थट्टाच वाटली. दुसरे असे की, माझ्या परिचयाचा एक गट दर रविवारी निघतो. त्यांच्याबरोबर जावे की एकट्याने?

सावकाश

ती थट्टा नाही. डावीकडे वळायचे असेल तर हँडलची डावी मूठ पुढे हलकेच दाबायची. चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे झुकते आणि वळते. चालण्याच्या वेगाच्या थोडे पुढे गेल्यापासून प्रत्येक दुचाकीस्वार हेच करतो, बहुतेकांना ते ठाऊक नसते एवढेच. विमानवाले विल्बर राईट यांनीही सायकलस्वारांना आपण वळतो कसे हे विचारून पाहिले होते आणि त्यांना पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर देणारा कोणी भेटला नव्हता. मोकळ्या मैदानात ताशी तीसच्या वेगाने जाणीवपूर्वक याचा सराव करा. आपण वळतो आहोत याची जाण हातांना आली की गाडीची धास्ती निघून जाते, आणि माझ्या मते आपण ज्याला मोकळेपणा म्हणता तो तिथून सुरू होतो. पुढच्या ब्रेकचेही तसेच आहे : थांबवण्याची बहुतेक ताकद त्यातच असते, कारण ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर जातो, आणि तरीही जुन्या सवयीची माणसे त्याला हात लावायला भितात. तो एकदम आवळू नये, क्रमाने दाबावा. गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर उत्तमच.

गटाबद्दल माझे मत कदाचित अप्रिय ठरेल. गटात सोबत मिळते, गाडी पंक्चर झाली तर चार हात मिळतात, परंतु आपला वेग आपला राहत नाही; पुढचा गेला म्हणून आपण जातो आणि वळणाचा अंदाज त्याच्या मागच्या दिव्यावरून बांधतो. हात बसेपर्यंत एकट्याने जावे, घरी मार्ग सांगून जावे, आणि फोन खिशात व कानात काही न घालता जावे. याला एक अपवाद आहे. महामार्गाच्या वेगात हेल्मेटच्या आतही वाऱ्याचा आवाज कानांना इजा करण्याइतका असतो, म्हणून लांबच्या प्रवासात साधे इअरप्लग घालावेत. थकवाही कमी येतो.

एकट्याच्या फेरीत नेमके काय घडते याचे मोजमाप करण्याचाही प्रयत्न झाला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी अनुभवी स्वारांना वीस मिनिटे गाडी चालवायला लावली, तेव्हा हृदयाचे ठोके सरासरी ११ टक्क्यांनी वाढले आणि ताणाचे संप्रेरक-निर्देशक २८ टक्क्यांनी घटले. अभ्यासाचा खर्च हार्ले-डेव्हिडसनने केला होता, हे ध्यानात ठेवून त्याला जेवढे महत्त्व द्यायचे तेवढे द्यावे. मला त्या आकड्यांपेक्षा एवढेच पटते की पुढची खडी, कडेच्या झाडाची सावली आणि समोरच्याचे चाक कुठे वळते आहे हे पाहताना डोक्यात दुसरे काही शिरायला जागाच उरत नाही.

वळणवेडी

जुनी चेन यांचा महामार्गाचा मुद्दा रास्त आहे. उशिरा निघालेले, आपला आवडता रस्ता घरापासून किती दूर आहे ते आधी पाहा आणि मगच इंजिन ठरवा. पत्नी मागे बसणार असतील तर त्यांनाही दालनात घेऊन जा. बऱ्याच देखण्या गाड्यांचे मागचे आसन नावापुरते असते आणि फुटरेस्ट फार उंच असतात, आणि हे त्यांना अर्ध्या तासानंतर रस्त्यात कळण्यापेक्षा दालनातच कळलेले बरे.