दोन मेचं तिकीट आणि "परवडत नसेल तर घरी बसा"

वर्धेची_लेक
काल हिशोबी_माणूस यांनी इथे लिहिलं, "विमान म्हणजे एसटी नव्हे. सुट्टीत गर्दी होते, गर्दीत भाव चढतो. आधी बुक करा, परवडत नसेल तर घरी बसा." खाली शंभरावर लाइक. ते वाक्य रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी पुण्यात शाळेत शिकवते. माहेर वर्धा, सासर नागपूर. मला सलग रजा मिळते ती दिवाळीत आणि मेमध्ये. मधल्या एखाद्या मंगळवारी तिकीट स्वस्त असतं हे मला सांगून काय उपयोग? १ मेला झेंडावंदन, निकालवाटप, आणि २ मेपासून सुट्टी. पुण्यातल्या हजारो घरांचं हेच वेळापत्रक. तारीख निवडायची मुभाच आम्हाला नाही, आणि विमान कंपनीला हे पक्कं ठाऊक आहे.

परवा रात्री पोरं झोपल्यावर फोन घेऊन बसले. २ मे, पुणे-नागपूर, चार जण. माणशी १२,९००. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार. पोराला दोन वर्षं पूर्ण झाली की त्याचंही पूर्ण तिकीट. एकूण ५१,६००, तेही फक्त जायचं. नवरा मागून बघत होता. म्हणाला, "तू दोघांना घेऊन जा, मी राहतो." गेल्या मेमध्येही तो राहिलाच होता.

आणि ट्रॅव्हल्सने जा म्हणू नका. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. नागपूरहून पुण्याला निघालेली बस होती ती. तेव्हापासून माझी आई फोनवर आधी हेच विचारते, "बसनं तर नाही ना येऊन राहिली?"

घरी बसा म्हणता. माझं घर तिकडे आहे.

हिशोबी_माणूस
माझं वाक्य उचललंत, मग उत्तर देणं भाग आहे. "घरी बसा" हे शब्द कडक झाले, मान्य. मुद्दा सोडणार नाही.

१९९४ मध्ये विमानसेवेतली सरकारी मक्तेदारी संपली, तेव्हापासून भाडं बाजार ठरवतो. तरीही एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बसली, मे २०२३ ला गो फर्स्ट ही कंपनीही बसली. दिवाळी आणि मेमध्ये जे मिळतं त्यावर जुलै-ऑगस्टची कमी भरलेली विमानं उडतात. त्या दिवसांत तुम्ही अडीच-तीन हजारांत गेलात तेव्हा कोणी धागा काढला नाही.

आणि २ मे काही अचानक उगवत नाही. दरवर्षी तीच तारीख. जानेवारीत का नाही काढलं?

वर्धेची_लेक
जानेवारीत का नाही ते सांगते. २०२५ ला वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक वरून आलं आणि पेपर थेट २५ एप्रिलपर्यंत गेले. आधी एप्रिलच्या मध्याला परीक्षा उरकायची. ज्यांनी त्या हिशेबाने तिकिटं काढली होती त्यांना ती रद्द करावी लागली, आणि स्वस्त तिकीट रद्द केल्यावर हातात काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे. त्यात निवडणूक, जनगणना, सर्वेक्षण. शिक्षकाच्या नावाने आदेश कधी निघेल सांगता येत नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंचं संपूर्ण घराचं तिकीट असंच बुडालं. तुमच्या ऑफिसात रजा मंजूर झाली की झाली. आमच्याकडे तसं नाही.

लोहगाव_रनवे
मी विमानतळावर ग्राउंडला काम करतो, कंपनीची बाजू घ्यायला आलेलो नाही. दोन गोष्टी सांगतो, पैसे वाचतील.

पहिली. एका विमानातल्या जागा आठ-दहा भावांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार मागितल्या, तर बहुतेक वेळा चारही जागा वरच्या कप्प्याच्या भावाने दिसतात. ताई, आधी एकाचं बघा, मग दोघांचं. फरक दिसला तर दोन-दोन करून काढा.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. २ मेला पुण्याहून नागपूरला जाणारं विमान खच्चून भरतं, तेच विमान परत येताना अर्धं रिकामं असतं. जूनच्या मध्याला उलटं. त्या रिकाम्या खुर्च्यांचे पैसे भरलेल्या फेरीतून निघतात. मग जादा विमानं का सोडत नाहीत? कारण पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं आहे. २०२४ ला नवं टर्मिनल झालं, पण धावपट्टी तीच एक. टर्मिनल वाढवून विमानं वाढत नसतात. पुरंदरचं नवं विमानतळ होईल तेव्हा होईल.

वर्धेची_लेक
आत्ताच बघितलं. एकाचं ९,४००, दोघांचं ९,४००, तिघांचं १२,९००. तुमचं खरं निघालं, सात हजार वाचतात. पण मला सांगा, हे स्क्रीनवर कुठे लिहिलंय का? दोन जागा कमी भावात शिल्लक असताना चौघांनाही वरचा भाव दाखवायचा, याला मी लबाडी म्हणते. बाजारात भाजीवाला शेवटचा अर्धा किलो जुन्या भावाने देतो आणि पुढचा नव्या, तसं सांगतो तरी.

हिशोबी_माणूस
हा मुद्दा मला पटला. कप्पे दाखवायला हवेत. पण त्यावर सरकारने भाडं बांधून द्यावं हा उपाय नाही.

ऑरेंजसिटी_भाऊ
बांधून देता येत नाही असं कोण म्हणते? डिसेंबर २०२५ मध्ये विमानं रद्द होऊन बोंब झाली तेव्हा सरकारनं काही दिवसांतच भाड्याले मर्यादा लावली ना. ५०० ते १००० किलोमीटरला १२,०००. पुणे-नागपूर त्याच टप्प्यात बसते. म्हणजे अधिकार आहे, इच्छा नाही.

अन् मुख्य गोष्ट वेगळीच आहे भाऊ. आमच्या पोराईले पुण्याला यावंच काऊन लागते? विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेला नागपूर करार १९५३ चा. नोकऱ्यांत, विकासखर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देऊ म्हणले होते. मिहान या नागपूरच्या उद्योग प्रकल्पाच्या नावानं वीस वर्षं गेली. माह्या वर्गातले चाळीसातले सव्वीस पुण्या-मुंबईत. इथं नोकरी असती तर २ मेच्या विमानात बसायची गरजच नसती.

कोथरूडकर_७१
झालं सुरू. विमानाच्या तिकिटातही विदर्भाचा अनुशेष. पुण्यात या म्हणून आमंत्रण कोणी दिलं होतं? इथलं भाडं वाढलं, पाणी पुरत नाही, रस्त्यावर उभं राहायला जागा नाही, आणि वर पुण्यालाच दोष.

ऑरेंजसिटी_भाऊ
पुण्याचं आयटी कोण चालवून राहिलं ते एकदा दिवाळीत हिंजवडीला जाऊन पहा. चार दिवस रस्ते मोकळे होतात तेव्हा तुम्हीच फोटो टाकता, "पुणे किती छान दिसतंय". ते छान दिसते कारण आम्ही गावाले गेलेलो असतो. घरभाडं आम्ही देतो, मेसचे पैसे आम्ही देतो. फुकट राहत नाही कोणाच्या घरी.

कोथरूडकर_७१
तो फोटो मीही टाकला होता. आणि दरवर्षी टाकणार. माझ्या आईला चौकात दोन तास अँब्युलन्स मिळाली नाही, ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

वर्धेची_लेक
कृपा करून मूळ विषयावर या. आईबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण त्याचा तिकिटाशी संबंध नाही.

सावंतवाडी_एक्स्प्रेस
संबंध आहे, फक्त वेगळा. आम्ही कोकणवाले गणपतीला गावी जातो तेव्हा एसटी हजारोंनी जादा गाड्या सोडते, रेल्वे विशेष गाड्या सोडते, गावी जाणाऱ्यांना टोल माफ होतो. हे आपोआप नाही झालं. चाकरमान्यांनी वर्षानुवर्षं मंडळं करून, आमदारांच्या दारात बसून मिळवलं. तुम्ही वैदर्भीय दिवाळीला आणि मेला असं एकत्र येऊन कधी मागितलंत?

ऑरेंजसिटी_भाऊ
बघा, इथंच दुखते. कोकणाले मागून भेटते कारण मुंबईत त्याईची मतं आहेत. आमची मतं नागपुरात अन् पोरं पुण्यात. मागायचं कोणाले?

सावंतवाडी_एक्स्प्रेस
मागितल्याशिवाय मिळालं नाही एवढंच सांगतोय. माझ्या वडिलांनी गाडीत दोन पायांच्या बोटांवर उभं राहून मुंबई ते गाव प्रवास केलाय. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तोपर्यंत तेच. आमच्यावर कोणी उपकार केले नाहीत. आणि आम्हालाही विमानाचं सुख नाही. सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ २०२१ ला उघडलं, तिथे उतरण्यापेक्षा गोव्यातल्या मोपाला उतरून मागे येणं सोपं पडतं.

हिशोबी_माणूस
आता माझा शेवटचा मुद्दा. कोविडमध्ये मे २०२० ते ऑगस्ट २०२२ भाड्याला मर्यादा होती. वरची होती तशी खालचीही होती. म्हणजे स्वस्त तिकीट विकायलाही बंदी. सरकार भाव ठरवायला बसलं की दोन्ही टोकं ठरवतं. दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. २०१८ पासून खासगी ट्रॅव्हल्सना एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी स्वारगेटला जाऊन किती घेतात ते विचारा. नियम कागदावर राहतो.

डबा_नंबर_एस६
नियम पाळत नाहीत म्हणून नियमच नको, हे काय बोलणं झालं? मी मागच्या दिवाळीत संगमवाडीला खासगी बसमध्ये ३,२०० देऊन बसलो. पावती मागितली तर एजंट म्हणाला, उतरायचं तर उतर, मागे वीस जण उभे आहेत. बरोबर बहीण होती, तिला भाऊबिजेला पोचायचं होतं. दिले पैसे. त्या रात्री आरटीओचा एक माणूस जरी तिथे उभा असता तरी दोन हजार वाचले असते. हिशोबी साहेब, अशी मर्यादा रेल्वेही पाळते. राजधानी-शताब्दीला २०१६ पासून भाडं चढतं, पण आधी दीडपटीवर थांबायचं, २०१९ पासून १.४ पटीवर थांबतं. तिथे कंपनी बुडाली का? विमानाला दुप्पट द्या, अडीचपट द्या. पण कुठेतरी थांबा.

हिशोबी_माणूस
रेल्वेचा तोटा सरकार भरतं, विमान कंपनीचा नाही, हा फरक विसरू नका. पण "कुठेतरी थांबा" यावर विचार करीन. तिप्पट-चौपट समर्थनीय आहे असं मीही म्हणत नाही.

ताई, एक मात्र विचारायचंच आहे. तुम्ही वर्ध्याला जाणार. नागपूरला उतरून पाऊणशे किलोमीटर मागे येणार. ऑगस्ट २०२५ पासून पुणे-अजनी (नागपूर) वंदे भारत आहे, ती वर्ध्याला थांबते. सकाळी बसा, संध्याकाळी घरी. मग विमानच का?

वर्धेची_लेक
विचारलंत ते योग्य विचारलंत, आणि मला ते टोचलं. पहिली धाव विमानाकडे घेतली कारण चार वर्षांच्या मुलाला अकरा-बारा तास खुर्चीत बसवायची धास्ती. पण रेल्वेही बघितली होती. बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. मी शाळेत परिपाठाला उभी, नवऱ्याने दोन फोन घेऊन बसून प्रयत्न केला. रात्रीच्या गाड्यांना दहा मिनिटांत वेटिंग शंभराच्या पुढे. वंदे भारतही २, ३ आणि ४ मेला भरलेली.

ऑरेंजसिटी_भाऊ
म्हणूनच म्हणतो, रात्रीच्या दोन गाड्या वाढवा. खुर्चीच्या गाडीत म्हातारं माणूस बारा तास बसू शकत नाही. माह्या बाबाईले पुण्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं, बडनेऱ्यापासून पाय सुजले.

कोथरूडकर_७१
रात्रीच्या गाडीच्या मागणीला माझा पाठिंबा आहे. बाकी काही मागे घेत नाही.

वर्धेची_लेक
सगळ्यांसाठी शेवटचं. काल रात्री ७ मेच्या वंदे भारतमध्ये चार खुर्च्या मिळाल्या. दोन एका डब्यात, दोन शेजारच्या. नवराही येतोय. विमानाला हात लावला नाही, पण म्हणून १२,९०० बरोबर ठरत नाहीत, हे हिशोबींना सांगून ठेवते.

आईला फोन केला, सातला येतोय म्हटलं. ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे पाच दिवस कमी." तिने कालनिर्णयवर दोन तारखेपासून मोजून ठेवले होते.