मदत हवी आहे: जुन्या व्हर्च्युअल पिनबॉल टेबलचे दिवे आणि आवाज नीट करायचेत (लोकल ट्रेन थीम)

फास्ट_बोरिवली

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही तेच प्रश्न परत विचाराल म्हणून सगळं एकदाच लिहितो.

२०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या मावसभावाने मिळून व्हिज्युअल पिनबॉल ९ (कॉम्प्युटरवर पिनबॉल टेबल बनवायचं सॉफ्टवेअर) मध्ये एक ओरिजिनल टेबल केलं होतं, थीम वेस्टर्न लाइन. मधोमध वरपासून खालपर्यंत फास्टचे सहा मोठे इन्सर्ट (खालून पेटणारे दिव्यांचे तुकडे), चर्चगेट, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, आणि बाजूच्या ऑर्बिटला (कडेने वळून जाणाऱ्या वाटेला) स्लोची छोटी गोल स्टेशनं. सहाही पेटली की गर्दीची वेळ सुरू, म्हणजे तीन बॉलचा मल्टीबॉल. चित्रं सगळी भावाची, स्क्रिप्ट माझी. कुठे अपलोड नव्हतं केलं, घरातल्यांनी आणि मित्रांनीच खेळलंय, पण आमच्याकडे गणपतीला आलेली पोरं अजूनही पहिल्यांदा त्याच्याबद्दलच विचारतात.

आता ते व्हीपीएक्समध्ये, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत आणायचंय. जुनी व्हीपीटी फाइल उघडली, सेव्ह झाली, बॉल फिरतो, स्कोअर होतो. फिजिक्स मी नंतर बघेन, त्यावर कृपया आत्ता नको. अडलंय ते दिवे आणि आवाजावर.

आधी दिवे. व्हीपी ९ मध्ये मी अल्फा रॅम्प (अर्धपारदर्शक चित्राची पट्टी) वापरून उजेड दाखवला होता, ते सगळं काढून तिथे नवीन लाइट ऑब्जेक्ट टाकले. पण डे-नाइट स्लायडर वर ठेवला तर सगळं पांढुरकं दिसतं आणि खाली आणला तर प्लेफील्ड काळंठिक्कर आणि इन्सर्ट नुसते चिकटवलेल्या स्टिकरसारखे. इंटेन्सिटी वाढवून बघितली, मग दादरचा 'दा' वाचता येत नाही इतका जळतो. मला काय हवंय ते सांगतो. रात्री टिळक ब्रिजवरून खाली बघितलं की गाडी जाताना डब्यातला उजेड बाजूच्या रुळांवरून सरकत जातो बघा, तसा उजेड बॉलवर आणि आजूबाजूच्या लाकडावर पडायला हवा. इन्सर्टमध्ये बल्ब आहे असं वाटायला हवं.

मग आवाज, आणि इथे जास्त जीव अडकलाय. तीन भानगडी आहेत.

एक, मल्टीबॉलमध्ये एकाच बॉलचा घरंगळण्याचा आवाज येतो, बाकी दोन मुके.

दोन, बॉल डावीकडे असो की उजवीकडे, आवाज मधूनच येतो. स्पीकर दोन्ही चालू आहेत, गाणं स्टिरिओ वाजतं. पॅनचं (आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटायचं) फंक्शन मी दुसऱ्या एका टेबलच्या स्क्रिप्टमधून घेतलं (तिथे क्रेडिट लिहिलंय), सुरुवातीला 'ऑब्जेक्ट रिक्वायर्ड' असा एरर येत होता, तो घालवला, पण आवाज मधेच.

तीन. प्लंजर (बॉल उडवायचा दांडा) सोडला की गाडी सुटतानाचा आवाज येतो, तो भावाने २०१४ मध्येच वडाळ्याला हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून फोनवर रेकॉर्ड केला होता. वेस्टर्नला तोपर्यंत डीसी करंट बंद झालं होतं, २०१२ लाच, म्हणून खास हार्बरवर गेला होता. तो जुन्या गाडीचा खालून येणारा, गुरगुरत चढत जाणारा आवाज आता कुठेच मिळणार नाही, एप्रिल २०१६ पासून हार्बरही एसी करंटवर गेली. फाइल एएमआर (जुन्या फोनचा ध्वनी फॉरमॅट) आहे, बत्तीस सेकंदांची, मागे वारा आणि एका बाईंचं बोलणं. मी नॉइज रिमूव्हल मारलं तर गाडी पाण्याखालून जातेय असं वाटायला लागलं. ही फाइल मला टाकायची नाहीये, इंटरनेटवरची दुसरी कुठली गाडी पण नको.

सेटअप: जुना आय-फाइव्ह, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड, बत्तीस इंची टीव्ही पाटावर आडवा, दोन साधे स्पीकर. वन बीएचके आहे, कॅबिनेट ठेवायला जागा नाही.

एक अवांतर. प्लेफील्डवर 'एल्फिन्स्टन रोड' छापलंय, २०१८ ला ते प्रभादेवी झालं, आणि राम मंदिर तर तेव्हा नव्हतंच. बदलू का तसंच ठेवू?

सोलेनॉइड_ठाणे

टेबलची आयडिया फार आवडली. दुसऱ्या भानगडीचं उत्तर तुझ्या पोस्टमध्येच आहे बहुतेक. एरर 'घालवला' म्हणजे फंक्शनच्या आत ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट टाकलंस का? आणि टेबलचं नाव आपोआप मिळालेल्या टेबल१ वरून बदलून काही वेगळं ठेवलंयस का? पॅन काढताना बॉलचा एक्स घेऊन टेबल१ च्या रुंदीने भागतात. टेबल१ नावाचं काही नसेल तर ती ओळ फसते, एरर दाबलेला असल्यामुळे उत्तर रिकामं राहतं, रिकामं म्हणजे शून्य, आणि शून्य पॅन म्हणजे बरोब्बर मध्यभाग. ती एररची ओळ काढ, तुझ्या टेबलचं नाव घाल. आणि वर ऑप्शन एक्स्प्लिसिट लिही, असल्या चुका लगेच पकडल्या जातात.

मल्टीबॉलचं पण तसंच सोपं आहे. तीनही बॉलना एकाच नावाचा साउंड वाजवतोयस. 'युज एक्झिस्टिंग' ही सेटिंग एक असली की व्हीपीएक्स नवीन आवाज सुरू न करता चालू असलेलाच बदलतो, म्हणून तीन बॉल एकाच आवाजासाठी भांडतात. साउंड मॅनेजरमध्ये त्याच वेव्हच्या शून्य, एक, दोन अशा नावांनी प्रती टाक आणि स्क्रिप्टमध्ये नावाला बॉलचा नंबर जोड. सगळ्या मेकॅनिकल फाइल मोनोच ठेव, आउटपुट 'टेबल'. गाणी आणि अनाउन्समेंट 'बॅकग्लास' ला.

फ्लिपर, बंपर, स्लिंगशॉटसाठी फ्लीपचं मेकॅनिकल आवाजांचं पॅकेज घे, प्रत्येक गोष्टीचे बरेच वेगवेगळे सॅम्पल असतात, दर वेळी वेगळा वाजतो त्यामुळे कानाला मशीनगन होत नाही. क्रेडिट मात्र टाक.

इन्सर्टवाली

दिव्यांबद्दल मी लिहिते, मी तीन टेबलांचे केलेत.

मला एक विचारायचंय, भावाच्या चित्रात इन्सर्ट पेटलेले काढलेत का? म्हणजे पिवळ्याच्या मधोमध फिकट ठिपका, कडेला सावली? व्हीपी ९ च्या काळात सगळे तसंच काढायचे, कारण इंजिन फारसं काही करत नव्हतं. तसं असेल तर तू उजेडावर उजेड टाकतोयस, म्हणून पांढुरकं दिसतं. आधी चित्र सपाट कर, रंगवलेली चमक आणि सावली दोन्ही काढ.

मग प्लेफील्डच्या चित्रात इन्सर्टच्या जागी पारदर्शक भोक पाड. खाली थ्रीडी इन्सर्टचा प्रिमिटिव्ह (तयार थ्रीडी आकार) बसव, त्याच्या खाली लाइट, बल्ब मोडमध्ये. आणि अक्षरं, म्हणजे 'दादर' हे नाव आणि काळी बाह्यरेषा, वेगळ्या पारदर्शक पीएनजीवर घेऊन सगळ्यात वर ठेव. उजेड अक्षरांच्या खालून येतो, 'दा' कधीच जळत नाही. खऱ्या मशीनमध्येही प्लास्टिक लाकडात बसवलेलं आणि छपाई वरून असते.

रंगाचे दोन खाने आहेत, कलर आणि कलर फुल. बल्बच्या जवळचा उजेड कलर फुलमधून येतो, तो फिकट ठेव, आणि लांब पडणारा थोडा नारिंगी. दोन्हीकडे एकच पिवळा भरला की स्टिकर होतो. फेडचा वेग पण बघ, जुना तारेचा बल्ब हळू पेटतो आणि त्याहून हळू विझतो. माझा जीव या विझण्यावर आहे, बॉल निघून गेल्यावर इन्सर्ट क्षणभर लाल होऊन जातो तेव्हा टेबल जिवंत वाटतं.

जीआयचे (एकूण टेबल उजळवणारे) दिवे वेगळे, स्लिंगशॉटच्या आणि वरच्या प्लास्टिकच्या खाली प्रत्येक बल्बच्या जागी एक. तुझं प्लेफील्ड काळं पडतंय कारण जीआय नाहीच बहुधा, नुसत्या इन्सर्टवर टेबल उजळत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधून लाइटमॅप बेक करायचा (उजेड आधीच चित्रात उतरवून ठेवायचा) मार्ग सगळ्यात सुंदर आहे, पण तुझ्या मशीनवर रेंडर लागेल रात्र रात्र, आणि जीआयच्या जागा चुकल्या तर परत पहिल्यापासून. आधी साधे लाइट लावून जागा पक्क्या कर.

एल्फिन्स्टन ठेव. ते २०१४ चं टेबल आहे.

सोलेनॉइड_ठाणे

रेकॉर्डिंगबद्दल राहिलं. साधी एएमआर सेकंदाला आठ हजार सॅम्पलची असते, म्हणजे चार किलोहर्ट्झच्या वरचं त्यात काहीच नाही, ४४.१ ला बदललं तरी ते परत येत नाही. पण मोटरची गुरगुर खालच्या पट्टीतली आहे, ती तुझ्याकडे बऱ्यापैकी शाबूत असणार. नॉइज रिमूव्हल त्याच पट्टीतलं कुरतडतं म्हणून पाण्याखाली गेल्यासारखं होतं. ते काढून टाक. ओरिजिनल फाइलची प्रत कर, ऐंशी हर्ट्झच्या खालचं हलकं कापून वाऱ्याची धडधड कमी कर, बाईंचं बोलणं जिथे नाही तेवढे सहा-सात सेकंद निवड, दोन्ही टोकांना फेड दे, बस. आणि हा एक थीमचा आवाज असला तरी बॅकग्लासला नको, टेबललाच पाठव, उजव्या बाजूला, कारण प्लंजर तिथे आहे. गाडी हाताखालून सुटायला हवी.

फास्ट_बोरिवली

दोघांचेही मनापासून आभार, तीन रात्री बसलो होतो.

टेबलचं नाव मी 'लोकल' ठेवलं होतं आणि एरर अगदी तसाच दाबला होता. आता बॉल डाव्या ऑर्बिटमधून वर जाऊन उजवीकडून उतरतो ते डोळे मिटून कळतं. मल्टीबॉलमध्ये तीनही बॉल वाजतात, आईने आतल्या खोलीतून विचारलं की काय पडलं.

भावाला फोन केला, चित्रात चमक रंगवलेलीच होती आणि लेयरवाली फाइल जुन्या हार्ड डिस्कबरोबर गेली, त्यामुळे तो सहाही इन्सर्ट नव्याने काढून देतोय. दादर करून पाहिला, अक्षरं वर, उजेड खाली, फेड हळू. बॉल त्यावरून गेला तेव्हा बॉलच्या पोटाला खालून पिवळा उजेड लागला आणि मी खेळायचा थांबून तेच बघत बसलो, बॉल गेला ड्रेनमध्ये.

वडाळ्याच्या फाइलमधून अकराव्या सेकंदापासून सात सेकंद घेतले. अठराव्या सेकंदाला बाई म्हणतात "अगं चढ चढ", ते काढायचं होतं, पण भाऊ म्हणाला ते ठेव. तर ते आता सहावं स्टेशन पेटून गर्दीची वेळ सुरू होते तिथे वाजवतोय.

एकच राहिलंय, @इन्सर्टवाली, स्लोची छोटी गोल स्टेशनं पंधरा आहेत, त्यांना पण प्रत्येकी थ्रीडी प्रिमिटिव्ह करू का? चार जीबीचं कार्ड झेपेल?

इन्सर्टवाली

झेपेल. एकच गोल मेश (थ्रीडी आकार) पंधरा वेळा वापर, टेक्स्चर सगळ्यांना एकच दे, फक्त मटेरियलचा रंग बदल. आणि ती 'चढ चढ' ठेवलीस ते फार छान केलंस.