मलिक अंबरचा पांढरा जामा खडूवानी दिसायलाय, काय करू?

देवगिरी५४:
५४ मिमीची मेटलची, हातानं रंगवायची फिगर आहे, विकणाऱ्यानं राजपूत सरदार म्हणून दिली पण मी तिचा मलिक अंबर, निजामशाहीचा वजीर, करायलोय. आमचं गाव खुलदाबादजवळ, कबर लहानपणापासून बघितलेली, आन १६२६ ला गेला म्हणजे २०२६ ला चारशे वर्षं होतात, तोवर शेल्फवर उभा करायचा हट्ट आहे. जुन्या चित्रांत साधा पांढरा जामा दिसतो म्हणून सरळ पांढरा ॲक्रिलिक मारला, एक हात, दोन हात, तीन हात, आता चुण्याच बुजल्या सगळ्या. त्यात दुपारी ४२ डिग्री, ब्रश फिगरपर्यंत नेईस्तोवर रंग वाळून जायलाय. गच्चीवर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, स्प्रे केला तर वाळूवानी खरखरीत. कामून व्हायलंय असं?

लातूरचा_रंगारी:
भाऊ प्रायमर गच्चीनं खाल्ला तुझा. उन्हात थेंब हवेतच सुकतात आन फिगरवर नुसती पावडर बसते. सकाळी सहाला मार, वीतभर अंतरावरून, थोडा थोडा.
आन पांढऱ्याची सुरुवात पांढऱ्यानं करायचीच नसते. आधी कोमट राखाडी नाहीतर फिका खाकी, मग ऑफव्हाइट एकदम पातळ करून, चुणीच्या खाचा सोडून. शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आन चुण्यांच्या कडेला, तोबी शेवटी. रंग वाळतो त्याला वेट पॅलेट कर, डब्याच्या झाकणात ओला स्पंज, वर बटर पेपर, झालं. आन पंखा बंद कर. घाम येईल, येऊ दे. ट्रिपल झिरोचा एकदम बारीक ब्रश घेतला असशील तर तोबी ठेवून दे, त्याच्यात रंगच मावत नाही, १ नंबरचा चांगल्या टोकाचा घे.

पैठणवाला:
वरचं बरोबर. फक्त जामा मलमलचा दाखवायचा असंल तर दंडावर, छातीवर ऑफव्हाइटमधी कातडीच्या रंगाचा एक थेंब टाक, आतलं अंग जाणवतं. अंबर हबशी होता, मूळचा इथिओपियाचा, म्हणून लोक डायरेक्ट काळा रंग फासतात, चेहरा मरून जातो. गडद तपकिरी, त्यात जरा लाल, सावलीला किंचित निळा, उजेडाला गेरूपिवळा.
आन एक विचारायचं राहिलं, जाम्याचे बंद कुठल्या बाजूला आहेत बघितलं का? त्या काळी हिंदू डावीकडं बांधायचे, मुसलमान उजवीकडं. राजपूत म्हणून आलेली फिगर आहे, आन अंबर मुसलमान, म्हणून म्हणतो.

लातूरचा_रंगारी:
एवढ्याशा फिगरीत कोण बघायलंय बंद.

पैठणवाला:
मी बघतो ना.

देवगिरी५४:
बघितलं. डावीकडंच आहेत राव. आता झोप येत नाही. सगळा रंग काढून परत करावं का?

पैठणवाला:
काढ. मेटल आहे तर डेटॉलमधी रात्रभर बुडवून ठेव, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशनं घास, आन पहिल्यांदा परत डेटॉलमधीच खळबळ, लगेच पाणी लावलं तर रंगाचा चिकट लगदा होतो. डावीकडचे बंद कटरनं तासून उजवीकडं एम-सीलच्या बारीक सुरळ्या करून लाव, आन प्रायमर वाळलेल्या एम-सीलवर मार.

देवगिरी५४:
बुडवली. घरभर दवाखान्याचा वास सुटलाय, आई विचारायली कोणाला लागलं म्हणून.