खुर्ची सारखी खाली बसते, थ्रीडी प्रिंटरवर कॉलर काढून चालेल का?

गंगापूररोडकर: घरून काम करतो, खुर्चीचा हायड्रोलिक (सीट वर-खाली करणारा दांडा) गेलाय. वर घेतली की पंधरा मिनिटांत हळूहळू पार तळाला आणि संध्याकाळपर्यंत पाठ नुसती ठणकते. भाच्याकडे प्रिंटर आहे, पीएलएची (प्रिंटरमधलं नेहमीचं प्लॅस्टिक) कॉलर, म्हणजे जाड नळीसारखा तुकडा, काढून दांड्यावर अडकवायची म्हणतोय. वजन ८२ किलो. टिकेल का?

पत्र्याचीखोली: दादा पीएलए नको, मी करून बसलोय. माझी खुर्ची गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आणि पीएलए ६० डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, त्यात सततचा दाब, मे महिन्यात कॉलर दबून वाकडी झाली. पीईटीजी घ्या, तेही प्रिंटरचंच प्लॅस्टिक, पण ८० च्या आसपासपर्यंत तग धरतं. आणि उभीच प्रिंट करा म्हणजे वजनाने थर एकमेकांवर दाबले जातात, आडवी केली तर थर सुटायची भीती. इनफिल पूर्ण, म्हणजे आतून भरीव.

अंबड_टर्नर: आधी व्हर्नियरने माप घ्या. वरचा बारीक दांडा बहुतेक खुर्च्यांत २८ मिलिमीटरचा असतो, खालची जाड नळी ५० ची. आतलं माप २८.५ ठेवा, बाहेरचं ४८, म्हणजे कॉलर नळीच्या लोखंडी काठावर बसेल. काठाच्या आत फक्त प्लॅस्टिकचं बुश (दांडा धरणारं कडं) असतं, सगळा भार त्याच्यावर टाकू नका. एवढी जाड कॉलर फाकवून दांड्यावर चढत नाही म्हणून दोन अर्ध्या काढा आणि होज क्लॅम्पने (पाइप आवळायची स्क्रूची पट्टी) आवळा. नाहीच जमलं तर इकडे एमआयडीसीत लेथवर नायलॉनची करून मिळेल.

सिडकोवाली: लांबीचं कुणी बोललंच नाही. खुर्ची वर घ्या, बसून बघा, पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत, मग उठून उघडा दांडा मोजा तेवढीच लांबी. कॉलर लावल्यावर खुर्ची त्याच्या खाली येणार नाही, त्यामुळे घरात दुसरं कुणी बसणार असेल तर त्यांनाही विचारा. आणि दांड्याला ड्रिलने भोक पाडून खिळा घालायच्या भानगडीत कृपा करून पडू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

गंगापूररोडकर: झालं! ९० मिलिमीटरची पीईटीजीची, दोन अर्ध्या, क्लॅम्प मेन रोडवरून आणला. आज आठवा दिवस, सूतभरही खाली आली नाही. फिरताना करकर वाजत होती, वरच्या कडेला थोडं ग्रीस लावलं तर थांबली. सगळ्यांचे मनापासून आभार, पाठीला खरंच फरक पडलाय. आता बाबांच्या खुर्चीची काढतोय, त्यांना ७० पुरेल.